आल्प्समधलं शॅले, स्कीचं गाव आणि आपण : अनुभव लिहा

आम्ही आइंडहोवनला राहतो. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत अर्धं नेदरलँड्स गाडीच्या टपावर स्की बांधून दक्षिणेला पळतं आणि आमची पोरं खिडकीतून बघत बसतात. या वर्षी ठरवलंय, जायचंच. आम्ही दोन कुटुंबं, चार पोरं आणि त्याच सुमारास साताऱ्याहून सासू-सासरे येतायत, म्हणजे दहा डोकी. हॉटेलात पाच खोल्या घेण्यापेक्षा एक अख्खं शॅले (डोंगरातलं लाकडी घर) घ्यावं असं चाललंय. पण जेवणासकट घ्यायचं की स्वतः शिजवायचं, गाव कुठलं, आणि स्की न करणारी माणसं (सासू-सासरे, आणि खरं सांगायचं तर मीपण) दिवसभर करणार काय, काही कळत नाहीये. तर जे राहून आलेत त्यांनी लिहा. फोटोतला बर्फ आम्ही पाहिलाय, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिथे नक्की काय होतं ते हवंय. पैशांचंही लिहा, लाजू नका.

———

रेडिंग, इंग्लंड

जेवणासकटवालं मी सांगते. हा ब्रिटिश कंपन्यांचा जुना धंदा. फ्रान्समधल्या मेरिबेल, व्हाल दिझेर असल्या गावांत त्यांनी सीझनभरासाठी शॅले भाड्यानं घेतलेली असतात आणि प्रत्येकात विशीतली एक-दोन पोरं होस्ट म्हणून ठेवलेली. शनिवारी जायचं, पुढच्या शनिवारी निघायचं, मधे काही नाही. सकाळी पॉरिज, अंडी, क्रोसाँ. ते आवरलं की ही पोरं केक करून टेबलावर ठेवतात आणि स्वतः स्की घेऊन पसार होतात, चारला तुम्ही मोडून परत येता तेव्हा केक आणि चहाचं सामान मांडलेलं असतं, मग रात्री तीन कोर्सचं जेवण आणि वाइन त्यातच धरलेली. आठवड्यातली एक रात्र त्यांची सुट्टी. त्या रात्री सगळ्याच शॅलेवाल्यांना बाहेर जेवावं लागतं, त्यामुळे गावात टेबल मिळत नाही, ते आधी बुक करून ठेवा.

आम्ही दोघं शाकाहारी, फॉर्मवर तसं लिहिलं होतं. पहिल्या रात्री भाजलेलं गोट चीज, दुसऱ्या रात्री मश्रूम रिसोटो, तिसऱ्या रात्री परत गोट चीज, पण पेस्ट्रीत गुंडाळून. स्वयंपाक करणारी पोरगी एकोणीस-वीस वर्षांची, गोड, पण तिला शिकवलेल्या आठवड्याच्या मेन्यूबाहेर काही येत नव्हतं. शेवटी मी विचारलं, अगं मसूर आहेत का? फ्रेंच हिरव्या मसुराचा अख्खा डबा निघाला. माझ्या पर्समध्ये गोडा मसाल्याची पुडी होतीच (हसू नका, तुमच्याही असते). आमटी केली, आणि टेबलावरच्या बाकी मंडळींनी ती सूप म्हणून वाटीवर वाटी ओढली.

बाकी मंडळी म्हणजे अनोळखी लोक बरं का. अख्खं शॅले घेतलं नाहीत तर दुसऱ्या दोन-तीन ग्रुपांबरोबर एकाच टेबलावर जेवायचं. आमच्या वेळी एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, त्यांनी पूर्ण आठवडा आम्हाला मेरिबेलचा इतिहास ऐकवला. पण त्यामुळे एक कळलं. हे गाव एवढं देखणं दिसतं त्याचं कारण म्हणजे १९३८ मध्ये पीटर लिंडसे नावाच्या ब्रिटिश माणसानं ते वसवायला घेतलं, ऑस्ट्रियावर नाझी आलेले, त्याला स्कीसाठी दुसरी जागा हवी होती, आणि त्यानं सुरुवातीपासूनच लाकूड, स्थानिक दगड आणि उतरतं छप्पर असा नियम घातला तो आजतागायत पाळतात. डोंगर ओलांडून पलीकडच्या दरीत ले मेन्युइर बघा, साठ-सत्तरच्या दशकातल्या सिमेंटच्या लांबलचक इमारती. स्की करायला तेही झकास आहे, स्वस्तही पडतं, पण खिडकीतून बाहेर बघितल्यावर डोळ्यांना सुख नाही.

पैशांचं : ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर उठून तिकडे सीझनभर काम करता येत नाही, त्यामुळे होस्ट मिळेनात, हा प्रकार कमी झाला आणि दर चढले. त्यात मोठ्या एरियाचा सहा दिवसांचा लिफ्ट पास (उतारांवर वर नेणाऱ्या पाळण्यांचा) माणशी साडेतीनशे-चारशे युरोच्या घरात जातो, बूट-स्कीचं भाडं वेगळं, पोरांची स्की स्कूल वेगळी. शॅलेचं भाडं बघून आनंदू नका, ते खर्चाच्या निम्मंही नसतं.

आणि फेब्रुवारीचं एक. फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या तीन झोनमध्ये पुढेमागे येतात. पॅरिसवाल्यांचा झोन सी ज्या शनिवारी सुटतो त्या दिवशी मेरिबेलच्या वाटेवरच्या मुतिएच्या रस्त्यावर गाडी घालू नका. बस.

———

झुरिक

वरच्या ताईंचं वाचून मजा आली. आम्ही उलट टोकाचे, आम्ही कायम स्वतः शिजवणारे. स्विस गावात घर घेतलंत तर आधी ही मानसिक तयारी ठेवा की मालक तुम्हाला किल्लीबरोबर एक फाईल देणार. त्यात चमचे किती, फोंड्यूचे काटे किती, रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला जायचं नाही, कचरा गावाच्या ठरलेल्या पिशवीतच. ती पिशवी सुपरमार्केटच्या कॅशियरकडे मागावी लागते, शेल्फवर सापडेलच असं नाही, आणि एका पिशवीला दोन फ्रँकच्या आसपास पडतात कारण कचऱ्याचा टॅक्स त्यातच वसूल करतात. पहिल्यांदा ऐकलं की माणूस चिडतो, पण दोन दिवसांत प्लास्टिक, कागद, काच आपोआप वेगळं व्हायला लागतं.

बुकिंग करताना खालची बारीक अक्षरं वाचा. शेवटची सफाई वेगळी, चादरी-टॉवेल कधीकधी वेगळे आणि कुर-टाक्स म्हणजे माणशी दर रात्रीचा पर्यटक कर, तो जवळजवळ सगळीकडे वेगळा. दहा माणसं म्हणजे बरीच रक्कम होते ती.

आमचं लाडकं गाव त्सेरमाट. तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत. गाडी तेश गावात ठेवायची आणि बारा मिनिटांची शटल ट्रेन. त्यातून उतरलात की छोट्या इलेक्ट्रिक टॅक्स्या, खोक्यासारख्या, आवाज न करता मागून येतात, पोरांचा हात धरा. दहा माणसांचं सामान, स्की, बूट आणि तांदळाची पिशवी हे सगळं ट्रेनमधून टॅक्सीत आणि टॅक्सीतून बर्फाळ पायऱ्यांवरून वर, हे नीट डोळ्यांसमोर आणा आणि मगच शॅले किती उंचावर आहे ते बघा. 'गावापासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं ते उन्हाळ्यात, उतरताना.

घर मात्र सुंदर होतं. खाली दगडी जोतं, वर लार्चचं लाकूड उन्हानं काळं पडलेलं. आत रचना उलटी, झोपायच्या खोल्या खाली आणि बैठक-स्वयंपाकघर सगळ्यात वर, कारण ऊब वर चढते आणि नजाराही वरूनच. दारातच बूट रूम, तिथे बूट गरम करायच्या नळ्या. हे चैनीचं वाटेल पण थंड पडलेला स्कीचा बूट सकाळी पायात घालून बघा, प्लास्टिक इतकं ताठ होतं की दोन माणसं लागतात.

संध्याकाळी जुन्या वस्तीत, हिंटरडॉर्फमध्ये नक्की फिरा. तिथे धान्याची जुनी लाकडी कोठारं आहेत, खांबांवर उभी, आणि खांब नि कोठाराच्या मधे गोल सपाट दगडाची ताटली, उंदीर वर चढू नये म्हणून. दुकानांच्या झगमगाटापासून दोनशे पावलांवर हे सगळं, आणि निम्मे लोक मॅटरहॉर्न शिखराचा फोटो काढून तसेच परत जातात.

एक गोष्ट मला खटकते ती पण लिहितो. सीझनच्या बाहेर अशा गावांत रात्री चालून बघा, निम्म्या खिडक्या अंधाऱ्या. श्रीमंतांची दुसरी घरं, वर्षातले दोन-तीन आठवडे उघडणारी. याच्याविरुद्ध २०१२ च्या मार्चमध्ये इथे सार्वमत झालं आणि अगदी काठावर, साधारण ५०.६ टक्क्यांनी पास झालं, की कुठल्याही गावात अशी घरं २० टक्क्यांच्या वर नकोत. ज्या गावांत आधीच जास्त होती ती आहेतच. स्थानिक शिक्षकाला, बसवाल्याला गावात घर परवडत नाही आणि तो रोज खालून वर येतो. आपण भाड्यानं राहतो म्हणजे निदान घर चालतं तरी, असं मी स्वतःला सांगतो.

———

सांगली, मुक्काम तेव्हा बर्नला मुलाकडे

साताऱ्याचे सासू-सासरे येणार वाचलं म्हणून लिहायला बसले, टायपिंगला वेळ लागतो, चुका पोटात घाला. मी सत्तरीच्या पुढची आहे, गुडघे कुरकुरतात, स्की वगैरे काही नाही. मुलानं वेंगनला शॅले घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की मला आता आठवडाभर घरात डांबणार आणि पोरं बाहेर. तसं अजिबात झालं नाही.

वेंगनला रस्ताच जात नाही. खाली लाउटरब्रुनेनला गाडी ठेवायची, मग दातेरी रुळावरची गाडी चढ चढते. त्या गाडीत सगळे पायात ते अवजड बूट आणि हातात उंच स्की उभ्या धरून, आषाढीच्या एसटीत पताका घेऊन वारकरी उभे असतात ना तसे. मला मात्र लगेच उठून जागा दिली.

घराच्या पुढच्या तुळईवर कोरीव अक्षरं, बांधल्याचं साल आणि मालक-मालकिणीची नावं, खाली देवाचं काहीतरी. त्या भागात जुन्या घरांवर असतंच म्हणे. दार एवढं ठेंगणं की आमचे हे दोनदा आपटले. पलंग एकच पण त्यावर दुलया दोन, ज्याची त्याची वेगळी, ओढाओढी नाही. हे मला इतकं आवडलं की सांगलीला आल्यावर मी तसंच चालू केलं.

सकाळी सहा-सातच्या सुमाराला धडाम असा आवाज आला. मी म्हटलं गॅस फुटला. सून म्हणाली आई, रात्री बर्फ पडलाय म्हणून वरच्या उतारावर मुद्दाम स्फोट करतात, हिमकडा माणसं नसताना पाडून टाकायचा. तेव्हापासून आवाज आला की मला कळायचं, आज ताजा बर्फ आहे.

पोरं नऊला गेली की मी आणि हे गाडीनं वर क्लायने शायडेकला जायचो. दोन हजार मीटरच्या वर आहे, समोर आयगर शिखराची उत्तरेकडची भिंत, अक्षरशः भिंत. तिथे उन्हात खुर्च्या मांडलेल्या. एक गरम चॉकलेट घ्यायचं आणि बसायचं, कोणी उठवत नाही. खाली येताना काही भाग चालत. चालणाऱ्यांसाठी वेगळे दाबलेले रस्ते असतात, गुलाबी रंगाच्या काठ्या रोवलेल्या, स्कीवाले तिथे येत नाहीत. बुटाला खालून लावायचे रबरी काटे मिळतात ते मात्र घ्याच, त्याशिवाय पाय बाहेर टाकू नका. माझ्याहून मोठ्या बाया लाकडी घसरगाडीवर बसून खाली येताना बघितल्या. मी नाही बसले. ह्यांनी एकदा हट्ट केला, शाळेसमोरच्या उतारावर, आणि लहान पोरांत मिसळून तास घालवला.

आणि नातवंडांची शाळा बघायला जायचं. तीन-चार वर्षांची पिल्लं हेल्मेट घालून, मास्तर ओरडतो 'पिझ्झा, पिझ्झा' म्हणजे स्कीची टोकं जवळ घ्या नि वेग कमी करा. आमचा धाकटा रडत गेला, दुसऱ्या दिवशी हसत आला. मोठी मात्र पूर्ण आठवडा नाराज होती, तिला ते बूट चावायचे. सगळ्यांना आवडतंच असं नाही, जबरदस्ती करू नका.

हवा फार कोरडी. ओठ फुटतात, नाकात रक्ताचे बारीक थेंब येतात. हिटरवर पाण्याचा वाडगा ठेवायचा आणि खोबरेल नाकाला लावायचं, ते डब्यात दगड झालेलं असतं, हिटरवरच ठेवा. भाकरी काचेच्या शेगडीवर होते पण धीर पाहिजे, ती शेगडी मधेच तापते मधेच विझते.

एक दिवस अचानक गरम वारं सुटलं. फॉन म्हणतात त्याला. डोंगराच्या पलीकडे ओल सोडून खाली उतरताना तापतं. छपरावरून पाणी गळायला लागलं, डोकं जड झालं, बर्फ चिखल झाला. घरमालकीण मुद्दाम येऊन सांगून गेली की आज बाल्कनीत मेणबत्तीसुद्धा लावू नका. लाकडाची घरं आणि असलं वारं. तिकडे ग्लारुस म्हणून गाव आहे, ते १८६१ मध्ये असल्याच वाऱ्यात जवळजवळ सगळं जळालं, असं तिनं सांगितलं, सांगताना कालच झाल्यासारखा चेहरा. तर सासूबाईंना घेऊन या, त्यांना माझा निरोप सांगा.

———

म्युनिक

काकू, तुमच्यासाठी एक नमस्कार. पुढे काय लिहायचं असा प्रश्न पडलाय, तरी ऑस्ट्रियाची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आम्ही तिरोलला जातो, एलमाउच्या बाजूला, घरापासून दीड-दोन तास. शॅले वगैरे भारी काही नाही, शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला, खाली गोठा. गोठ्याचा वास येतो, हो, येतो. सकाळी दाराला अडकवलेल्या पिशवीत ताजे पाव, रात्री मालकिणीकडून स्वतः गाळलेल्या फळाच्या दारूचा एक घोट, नाही म्हणायची सोय नाही. बैठकीत फरशांची जुनी भट्टी, तिला पाठ लावून बसायचं, कंबर शेकून निघते. स्की बस पासवर फुकट. स्वित्झर्लंडच्या मानानं खर्च बराच कमी, आणि रात्री दिव्यांच्या उजेडात घसरगाडीची वाट असते ती स्की न करणाऱ्यांनाही जमते.

गाडीनं जाणार असाल तर ऑस्ट्रियाची विन्येट (हायवेच्या टोलचं स्टिकर), विंटर टायर (१ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, बर्फाच्या रस्त्यावर सक्तीचे) आणि साखळ्या. साखळ्या घरी अंगणात एकदा लावून बघा, अंधारात बर्फात मॅन्युअल वाचत कोणालाही जमत नाही.

———

लोझान

तारखेचं आणि उंचीचं लिहितो, कारण शॅले दिसतं, बर्फ दिसत नाही बुकिंग करताना. २०२२ चा ख्रिसमस ते नवीन वर्ष आम्ही मॉर्झीनला होतो. हजार मीटरच्या आसपासचं गाव, फ्रेंच, घरं अप्रतिम, मूळचं गुराख्यांचं आणि चीजचं गाव. आणि त्या आठवड्यात पाऊस. नुसता पाऊस. हिरवे-तपकिरी उतार, मधून माणसांनी जपून ठेवलेली पांढरी पट्टी, खालच्या बऱ्याच लिफ्ट बंद. त्याच सुमाराला ग्श्टाडला हेलिकॉप्टरनं बर्फ आणून टाकला म्हणून बातम्या आल्या होत्या, लोक चिडले होते, योग्यच चिडले होते. आम्ही रोज वर आव्होरियाझला जात होतो, १८०० मीटरवर, तिथे बर्फ होता. तेही गाड्या नसलेलं गाव, गावाच्या वेशीपासून घरापर्यंत घोड्याच्या स्लेजनं सामान नेतात, पोरं खूश.

म्हणजे काय, की जुनं गोंडस गाव सहसा खाली दरीत असतं आणि खात्रीचा बर्फ वर नव्यानं बांधलेल्या गावात. दोन्ही एकत्र पाहिजे तर पैसे जास्त. फेब्रुवारीत जाताय त्यामुळे तुम्हाला एवढी भीती नाही, पण १५०० च्या वर लिफ्ट जाते ना एवढं बघूनच घ्या.

———

लंडन

गुडघ्याबद्दल कोणीच लिहिलं नाहीये म्हणून. नवरा चांगला स्की करतो. पडला कुठे, तर निळ्या म्हणजे सोप्या उतारावर, दुपारी तीनला, जवळजवळ उभ्या उभ्या. एवढ्या कमी वेगात बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटलं नाही आणि गुडघा फिरला, लिगामेंट गेलं. पिस्तवरची (आखलेल्या उतारावरची) बचाव टीम दहा-पंधरा मिनिटांत आली, स्लेजला बांधून खाली. तिथून पुढे शॅले! वर झुरिकवाल्यांनी सांगितलेली उलटी घरं आठवा. खाटा तळमजल्यावर, जेवण तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि वळणाचा. उरलेले दिवस त्याचं ताट आम्ही खाली पोचवलं.

विमा. साध्या प्रवासी विम्यात विंटर स्पोर्ट्स बहुतेक वेळा धरलेलं नसतं, वेगळं घ्यावं लागतं, आणि ऑफ-पिस्त, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेरचं, त्याहून वेगळं. फ्रान्समध्ये लिफ्ट पासबरोबर रोजचे काही युरो देऊन कॅरे नेज नावाचा विमा घेता येतो, बचावाचा खर्च त्यात येतो. इटलीत २०२२ पासून, तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये रेगाचा (हेलिकॉप्टर बचाव सेवेचा) नंबर १४१४, फोनमध्ये टाकून ठेवा. आमच्या विमा कंपनीनं पैसे दिले, पण इतके महिने पत्रव्यवहार करायला लावला की पुढच्या वर्षी कंपनी बदलली. बिलं, डॉक्टरचा कागद, बचाव टीमची पावती, सगळ्याचे फोटो जागेवरच काढा.

———

बाझेल

२०१८ च्या जानेवारीत त्सेरमाटला अडकलेल्या १३ हजार पर्यटकांत आम्ही होतो. हिमकड्यांच्या धोक्यानं रस्ताही बंद, ट्रेनही बंद. बातम्या बघून घरून फोनवर फोन, आईनं तर देव पाण्यात ठेवले होते. आणि गावात? लोक कॉफी पीत होते. लिफ्ट बहुतेक बंद, त्यामुळे सगळे रस्त्यावर, पोरं घरांसमोर बर्फात बोगदे करत होती. शॅलेमालक सकाळी फावडं घेऊन आला, माझ्या हातात दुसरं दिलं आणि छपराखाली उभं राहायचं नाही एवढंच खुणेनं सांगितलं. छपरावर मुद्दाम आडवे लोखंडी गज असतात बर्फ एकदम घसरू नये म्हणून, तरी कडेचा मोठा तुकडा आमच्यासमोर धप्पकन खाली आला. घाई असलेल्यांना हेलिकॉप्टरनं तेशला सोडत होते. आम्ही थांबलो, खिचडी खाल्ली, पत्ते खेळलो.

सांगायचा मुद्दा, सुट्टी संपायच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. आणि दावोसच्या संस्थेचं हिमकड्यांचं बुलेटिन रोज संध्याकाळी पाचला येतं, एक ते पाच अशी पातळी, ते बघायची सवय लावा. तीन म्हणजे मधलं म्हणून लोक हलक्यात घेतात, तर तीनलाच ऑफ-पिस्तवाले जास्त मरतात.

———

पुणे

थोडा विरोधी सूर. आम्ही दहा जणांत शॅले घेतलं होतं आणि मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले. दिवसभर बाहेर, रात्री आठला सगळे झोपेत, हॉट टब बघायला कोणाला त्राण नाही. भांडी मात्र बायकांनी घासली, सुट्टीतही. त्यापेक्षा खाली दरीतल्या गावात साधं अपार्टमेंट घ्या आणि रोज ट्रेननं वर जा. हे माझं वैयक्तिक मत.

———

देहरादून

पुण्याच्या ताई, भांड्यांचं पटलं, ते शॅलेपेक्षा ग्रुपमधल्या पुरुषांवर अवलंबून आहे असं एक पुरुष म्हणून नमूद करतो. :)

मी शिकलो उत्तराखंडात औलीला, गढवाल मंडलच्या (सरकारी पर्यटन मंडळाच्या) कोर्समध्ये, डॉर्मिटरी, पातळ गाद्या, जुने बूट. पण रोज कित्येक तास उतारावर काढून पाया पक्का होतो. मग ग्रिंडेलवाल्डला गेलो तेव्हा उतारांपेक्षा लिफ्टची घनता बघून चक्रावलो. धागाकर्त्यांना : पोरांना जाण्याआधी तुमच्या तिकडच्या इनडोअर स्की हॉलमध्ये दोन-तीनदा न्या. तिथला पहिला दिवस बूट कसे घालायचे नि लिफ्टच्या पट्ट्यावर कसं उभं राहायचं यात जातो, तो वाचेल.

———

आइंडहोवन

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, आणि सांगलीच्या काकूंचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांनी लगेच रबरी काट्यांची चौकशी सुरू केली. नवऱ्याला भांड्यांचा भाग वाचून दाखवला. सध्या वेंगन किंवा ग्रिंडेलवाल्ड, स्वतः शिजवायचं आणि दोन रात्री बाहेर, असं ठरतंय. प्रश्न एकच, कुकर न्यायचा का? गाडीत जागा फार नाहीये.

———

झुरिक

न्याच. सोळाशे मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तूरडाळ नुसत्या पातेल्यात तासभर फिरत राहते. वेंगन थोडं खाली आहे तरी फरक जाणवतो. फक्त इंडक्शनवर चालणारा, सपाट बुडाचा न्या, शेगडी कुठली आहे ते मालकाला आधी ईमेलवर विचारा. कढई न्यायची असेल तर तवा घरी ठेवा, पोळ्या तिकडच्या चपट्या तव्यावर होतात. फोडणी करताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, आमच्या शेजारच्या शॅलेत मोहरी तडतडली आणि अलार्म पार खालच्या गल्लीत ऐकू गेला.

आणि निघायच्या आदल्या रात्री राक्लेट करू नका. ती वितळलेल्या चीजची छोटी पातेली भिजत घालूनही सुटत नाहीत, सकाळी नऊ-दहाला किल्ली द्यायची असते आणि मालक फाईल घेऊन चमचे मोजायला येतो.